आठ सिलिंडर आणि ब्रेकबाई

१२ फेब्रुवारी

आजपासून लिहून ठेवणार आहे. या घरात माझं वाक्य कोणी पुरं होऊ देत नाही. कागद तरी मध्येच तोंड घालणार नाही.

तर झालं असं की ड्रायव्हिंग स्कूल विकलं. चौकातला गाळा, दोन छोट्या गाड्या, दोन्हींत शिकवणाऱ्याच्या पायाखाली बसवलेला जादा ब्रेक, भिंतीवरचा वाहतुकीच्या खुणांचा तक्ता, सगळं एकरकमी गेलं. घेणारा माझाच जुना विद्यार्थी. सही करताना म्हणाला, बाई, पाटीवर तुमचं नाव राहू देऊ का? म्हटलं, खुशाल राहू दे, पण पोरांना चुकीचं शिकवलंस तर येऊन पाटी उतरवीन. अख्खं शहर मला पाठीमागे ब्रेकबाई म्हणतं हे मला चांगलं ठाऊक आहे. म्हणू देत. माझ्याकडे शिकताना एकाही माणसाने गाडीला साधा ओरखडा पाडला नाही. मी पाडूच दिला नाही.

त्या पैशांचं काय करायचं तेही ठरलंय. बँकेसमोरच्या शोरूममध्ये ती उभी आहे. दोन दारं, लांबलचक नाक, गडद निळा रंग आणि नाकात आठ सिलिंडरचं इंजिन. तिथला टायवाला विक्रेता तिला मसल कार म्हणतो. त्याने ती जागेवरच चालू करून दाखवली तेव्हा माझ्या हातातल्या कपातला चहा थरथरला. माझा हात नव्हे, चहा. कंपनी आता असलं इंजिन बनवणं बंद करणार म्हणे, यापुढे सगळं विजेवर. त्यामुळे किंमत दर महिन्याला वर चाललीय. पहिल्यांदा विचारली तेव्हा स्कूलच्या पैशांत गाडी येऊन वर घराला रंग देता आला असता. आज विचारली तर रंग गेला. अजून दोनदा वाढली की गाडीही गेली.

जन्मभर मी शेजारच्या सीटवर बसले. चाक कायम दुसऱ्याच्या हातात. आता ते एकदा माझ्या हातात हवंय, आणि गाडीही अशी हवीय की लोकांनी माना वळवून बघितलं पाहिजे. एवढंच माझं म्हणणं. यात न समजण्यासारखं काय आहे ते कोणीतरी मला सांगावं.

१५ फेब्रुवारी

घरात सांगितलं. हे म्हणाले "बरं", आणि चष्मा पुसत बसले. निवृत्त झाल्यापासून यांचा सगळा जीव गॅरेजमधल्या सुतारकामात. मी चंद्रावर जाते म्हटलं तरी बरंच म्हणतील.

लेक मात्र उसळली. रक्ततपासणीच्या प्रयोगशाळेत कामाला आहे, दोन वर्षांपूर्वी संसार आवरून आमच्याकडे परत आली. तेव्हापासून तिचं बोलणं म्हणजे "हो", "नाही" आणि "जेवून आले". आज मॅडम सलग अर्धा तास बोलल्या. गेल्या वर्षीच्या गाडीत हेच इंजिन होतं, अगदी हेच. वाढलेली किंमत कशाची, तर समोरच्या टीव्हीएवढ्या मोठ्या पडद्याची आणि सीटवरच्या लाल शिलाईची. वेग शून्यावरून शंभरावर न्यायला नवीला जेवढा वेळ लागतो तेवढाच जुनीला लागायचा, डोळ्याची पापणी लवेल एवढाही फरक नाही. टायर वर्षभरात झिजतात आणि एकेक टायर सोन्याच्या भावाने मिळतो. विमा डोक्यावर बसेल. शोरूमवाले आपोआप बदलणारा गियर गळ्यात मारतील, तो घेतलास तर तुझ्यासारखी वेडी तूच, कारण या इंजिनाची खरी गंमत हाताने गियर टाकण्यात आहे, तिसऱ्यात जो काही जोर येतो ना...

इथे एकदम थांबली. मग म्हणाली, थोडक्यात काय, पैसे पाण्यात.

एवढी माहिती हिने आणली कुठून? माझ्यावर खटला भरायचा म्हणून अभ्यास केलेला दिसतोय. हिने वकील व्हायला हवं होतं. स्वतः तर गाडीला हात लावत नाही, दोन बस बदलून कामाला जाते. लायसन्स आहे, कपाटात पडलंय. मी स्वतः शिकवलंय तिला, सहा महिने शेजारी बसून, पाय सतत ब्रेकवर तयार ठेवून. एकदाही चूक होऊ दिली नाही. तरी भित्री राहिली ती राहिलीच. बापावर गेलीय, दुसरं काय. तेही माझ्याकडे आठ दिवस शिकले आणि म्हणाले, मला चालायला आवडतं.

१९ फेब्रुवारी

आज दीर आले होते. ते जागांची दलाली करतात, त्यामुळे त्यांना जगातली प्रत्येक वस्तू आज कितीला आणि उद्या कितीला एवढंच दिसतं. मला वाटलं आता हेही उपदेश करणार. पण नाही, भाऊजी माझ्या बाजूने निघाले. म्हणाले, वहिनी, डोळे मिटून घ्या. शेवटची आठ सिलिंडर आहे, पुढे मिळणार नाही. घ्यायची, घरी आणायची, वर कापड टाकायचं आणि दहा वर्षं हात लावायचा नाही. सीटवरचं प्लास्टिकसुद्धा काढायचं नाही.

मी विचारलं, मग चालवायची कधी? तर त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने बघितलं की जणू मी सोन्याच्या बांगड्या घालून भांडी घासायचं म्हणतेय. म्हणाले, चालवली की किंमत पडते ना.

अंगाचा नुसता तिळपापड झाला. एक म्हणते घेऊ नको, कारण तेवढ्या किमतीची नाही. दुसरा म्हणतो घे, कारण किमतीची आहे, म्हणून हात लावू नको. दोघांचं गणित वेगवेगळं आणि दोघांच्याही गणितात मी कुठेच नाही. भाऊजींना म्हटलं, माझी गाडी मी रस्त्यावर झिजवीन, तिचे टायर संपवीन, आणि संपलेले टायर तुमच्या दारात आणून ठेवीन. ते हसले. मी गंमत करत नव्हते.

२६ फेब्रुवारी

आज गाडी चालवून बघितली. घडलं ते जसंच्या तसं लिहिते, कारण लेक ते भलत्याच पद्धतीने सांगत सुटेल.

ती आज रजा टाकून आली होती. तुला कोणी टोपी घालू नये म्हणून येतेय, म्हणाली. टायवाल्याने गाडी बाहेर काढून ठेवली. लेक मागच्या चिंचोळ्या सीटवर घुसली. मी दार उघडलं, बसले, पट्टा लावला, पाय जागेवर ठेवले आणि म्हटलं, "हं, आधी आरसे बघा."

मी शेजारी बघितलं तर चाकासमोर कोणीच नाही. टायवाला हातात किल्ली घेऊन बाहेर उभा, आणि मी माझ्या कायमच्या जागेवर, दुसऱ्या बाजूला. त्याला वाटलं बाईंनी ड्रायव्हर आणलाय आणि तो अजून पोहोचायचाय.

मागे लेक हसायला लागली. आधी तोंड दाबून, मग मोठ्याने, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत. मला हसलेलं खपत नाही. पण ही पोरगी या घरात परत आल्यापासून अशी हसलेली मी बघितली नव्हती, म्हणून एका शब्दाने काही म्हटलं नाही. उतरले, गाडीच्या नाकाला वळसा घालून आले आणि योग्य जागी बसले. टायवाला माझ्या कायमच्या जागेवर.

गाडी उत्तम चालवली. आरसे, इशारा, क्लच, सगळं नियमाने. चाळिसाच्या वर जायचं काही कारण नव्हतं, गर्दीचा रस्ता होता. एक सायकलवाला पुढे गेला, पण तो उताराला होता. मागून लेकीची कटकट चालू. आई, तिसरा टाक. आई, आता टाक ना गं. आई, ही गाडी आहे, दुधाचं भांडं नाही. शेवटी म्हटलं, गप्प बस नाहीतर इथेच उतरवीन. टायवाला परत आल्यावर म्हणाला, मॅडम, इतक्या सुरक्षितपणे ही गाडी आजवर कोणी चालवली नव्हती. त्याला टोमणा मारायचा होता की स्तुती करायची होती, ते अजून ठरत नाहीये.

नंतर लेक म्हणाली, जरा शिलाई बघते, पैसे तिचेच लावलेत ना. म्हणून चाकासमोर जाऊन बसली. मी चहा प्यायले, कागद वाचले, टायवाल्याच्या लग्नाची हकिगत ऐकली, तरी हिची शिलाई बघून होईना. दोन्ही हात चाकावर ठेवून नुसती समोरच्या भिंतीकडे बघत होती. शिलाई सीटला असते, भिंतीला नाही. बाहेर आली आणि म्हणाली, फारच महाग आहे.

३ मार्च

किंमत वाढली. पुन्हा.

शोरूममध्ये जाऊन टायवाल्याला चांगलं फैलावर घेतलं. त्याला विचारलं, गेल्या आठवड्यापासून गाडीत नवीन काय आलं? पाचवं चाक आलं? तो म्हणाला, मॅडम, मागणी आली. मी म्हटलं, मागणी काय इंजिनात घालतात? जुन्या भावाने देत असशील तर बोल, नाहीतर ठेव इथेच काचेत. तत्त्वाचा प्रश्न आहे. आणि बाहेर पडले.

आता इथे कोणी वाचणारं नाही तर खरं लिहून टाकते. तत्त्व आहेच, पण तेवढंच नाही. किंमत वाढली हे ऐकल्यावर पहिल्या क्षणी मला बरं वाटलं. सुटल्यासारखं. त्या दिवशी गाडी चालवताना इंजिन खालून सारखं विचारत होतं, देऊ का, देऊ का, आणि माझा पाय प्रत्येक वेळी उचलला जात होता. ब्रेकवर जायला माझा पाय आधीपासून तयार असतो. दुसरं पेडल दाबायची त्याला सवयच नाही. इतकी वर्षं त्याने दुसरं केलंय काय?

मग त्या सुटकेचा राग आला. अशी गाडी सोडायची तर ती महाग आहे म्हणून सोडावी, भ्यायले म्हणून नाही. आणि मी ती महाग आहे म्हणूनही सोडणार नाही.

५ मार्च

आमच्या यांनी गॅरेजमधलं सुतारकामाचं टेबल उचलून मागच्या व्हरांड्यात नेलं. एकट्याने, आवाज न करता. का म्हणून विचारलं तर म्हणाले, तिथे उजेड चांगला आहे. व्हरांड्यात दुपारनंतर अंधारच असतो. गॅरेजच्या जमिनीवर खडूने गाडीच्या लांबीची रेघ मारून ठेवलीय ती कोणी मारली, विचारलं तर ऐकूच आलं नाही त्यांना.

८ मार्च

लेक कामावरून धापा टाकत आली. चप्पल काढायच्या आत म्हणाली, आई, निळी गाडी बघायला एक माणूस आलाय, बायकोला घेऊन. हाताने गियर टाकायची ती एकच उरलीय. बाकी सगळ्या ऑटोमॅटिक. ती गेली की संपलं.

मी म्हटलं, जाऊ दे, तुलाच तर नको होती. तर म्हणाली, नकोच आहे, पण तुला हवीय ना, मग उगाच पाय ओढत काय बसलीयस.

एक गोष्ट मात्र माझ्या ध्यानात आली. हिचा बसथांबा शोरूमच्या बरोबर उलट्या दिशेला आहे. म्हणजे ही रोज वाकडी वाट करून तिथे जाते. माझ्यावर पाळत ठेवतेय. मी हळूच जाऊन सही करून येईन असं हिला वाटतं. आईवर एवढा अविश्वास!

९ मार्च

गाडी घेतली.

सकाळी लेकच मला घेऊन गेली. म्हणाली, घ्यायचीच तर फसून घेऊ नको. आणि मग ती टायवाल्यासमोर जी काय बसली! मोठा पडदा काढा म्हणाली, रेडिओपुरता छोटा लावा. लाल शिलाईच्या सीट काढा, साध्या बसवा. चाकांवरचं काळं पॉलिश काढा, त्याचे वेगळे पैसे लावलेत, ते दगड लागला की उडतं. जादा हमी काढा. तो म्हणाला, मॅडम, मग गाडीत राहिलं काय? ती म्हणाली, "इंजिन. आम्ही त्याच्यासाठीच आलोय."

आम्ही म्हणाली. मला वाटतं जोर यावा म्हणून म्हणाली असेल.

शेवटी जवळजवळ जुन्या भावावर आणून बसवलं त्याला. त्याच्या तोंडचं पाणी पळालं होतं. मी सही केली. स्कूलच्या पैशांतलं फार काही उरलं नाही, आणि मला त्याचं काडीचंही दुःख नाही. लेकीला म्हटलं, इतकी विरोधात होतीस, मग एवढी भांडलीस कशाला? म्हणाली, वाढलेल्या किमतीला मी अजूनही विरोधातच आहे.

१८ मार्च

रोज गाडी काढते. भाजीला जाते, बँकेत जाते, उगाच चौकापर्यंत जाऊन येते. लोक माना वळवून बघतात. स्कूलसमोरून तर मुद्दाम दोनदा गेले, नाकावर टिच्चून. जुना विद्यार्थी धावत बाहेर आला आणि म्हणाला, बाई, बिघाड झालाय का, इतकी हळू का चाललीय? त्याला म्हटलं, शहरात वेगाची मर्यादा काय आहे ते तुझ्या भिंतीवरच्या तक्त्यात बघ.

भाऊजी रोज फोन करून विचारतात, किती चालली? आकडा सांगितला की सुस्कारा टाकतात. जणू प्रत्येक किलोमीटर त्यांच्याच खिशातून जातो.

लेक संध्याकाळी आली की गाडीभोवती एक चक्कर मारते. टायरमधली हवा बघते, तेल बघते, पुढच्या काचेवरचे किडे पुसते. मी म्हटलं, हात काळे होतील. म्हणाली, धुतले जातात. किल्ली पुढे केली तर मात्र मागे सरकली. नको, आई, तू शेजारी असशील ना. मी म्हटलं, अर्थातच असेन, एकटीला कशी देईन? ती आत निघून गेली. भित्री ती भित्रीच.

२ एप्रिल

गाडी खोकायला लागली. सकाळी चालू करताना अडखळते, सिग्नलला उभी राहिली की थरथरते. मी तडक शोरूमच्या वर्कशॉपमध्ये नेली आणि म्हटलं, एवढे पैसे मोजून खोकणारी गाडी दिलीत? मेकॅनिकने यंत्र जोडून बघितलं आणि मलाच विचारलं, गाडी कोण चालवतं? तुम्ही? इंजिनात काजळी धरायला लागलीय, म्हणाला. हे इंजिन पळायला बनवलंय, त्याला तुम्ही रोज भाजी आणायला पाठवता. मोकळ्या रस्त्यावर न्या, दाबा, चांगलं ओरडू द्या त्याला. नाहीतर दर महिन्याला माझ्याकडे याल.

घरी येऊन हे सांगितलं तर आमचे हे चक्क हसले. पेपर तोंडासमोर धरला होता, पण पेपर हलत होता. हसा म्हटलं. रविवारी जाते आणि दाबते. ब्रेकबाई म्हणणाऱ्यांनी बघायला यावं.

६ एप्रिल

विमानतळाच्या मागे जुना सरळ रस्ता आहे, रविवारी तिथे मालट्रक नसतात. लेकीला बरोबर घेतलं.

रस्ता मोकळा मिळाला. मी तिसरा टाकला, दाबलं. इंजिनाचा आवाज बदलला, पाठ सीटला चिकटली, आणि काटा साठावर आला न आला तोच माझा पाय उचलला गेला. मी नाही उचलला. पुन्हा दाबलं, पुन्हा तेच. तिसऱ्यांदा तर मी स्वतःला मोठ्याने शिव्या घातल्या, पायाला घातल्या, टायवाल्याला घातल्या, आणि तरीही काटा साठावर आला की पाय वर. शेवटी गाडी बाजूला घेतली. घाम आला होता. रडू येत होतं तेही लिहून टाकते. एवढा अट्टहास केला, सगळ्यांशी भांडले, आणि गाडी माझ्या हातात येऊन मला चालवता येत नाही.

लेक हळूच म्हणाली, "आई, सरक. मी नेते."

आम्ही जागा बदलल्या. मी म्हटलं, आरसे बघ. तिने बघितले. म्हटलं, क्लच पूर्ण. तिने पूर्ण दाबला. गाडी निघाली, आणि मी कबूल करते, झटका बसला नाही. पहिलं वळण आलं तसा माझा पाय आपटला. खाली काही नाही हे मला माहीत आहे, नुसता गालिचा आहे, तरी आपटला. गाडी एकदम मंदावली. मी म्हटलं, अगं, मी थोडीच थांबवलीय? ती पुन्हा निघाली. पुन्हा माझा पाय, पुन्हा गाडी मंदावली. तिसऱ्या वेळी तिने इशारा दिला, गाडी नीट कडेला घेतली आणि दोन्ही हात चाकावर ठेवून समोर बघत म्हणाली,

"तू पाय आपटलास की माझा पाय उचलला जातो. अजूनही. तू जरा उतर."

"गाडी माझी आहे."

"हो, तुझीच आहे. उतर, आई."

मी का उतरले ते मला नीट सांगता येणार नाही. तिच्या बोलण्यात उद्धटपणा नव्हता, असता तर मी जागची हलले नसते. दार लावल्यावर लक्षात आलं की परत आल्यापासून या पोरीने आमच्याकडे काहीच मागितलेलं नव्हतं. हे पहिलंच.

गाडी गेली. रस्त्यावर पळताना बाहेरून तिचा आवाज मी तोवर ऐकलाच नव्हता. दुसरा पडला. तिसरा पडला, आणि तिसऱ्यात ती अशी काही ओरडली की कुंपणावरचे पक्षी उठले. चौथा. प्रत्येक गियर लोण्यातून सुरी जावी तसा, कुठे अडखळणं नाही. निळा ठिपका लहान होत विमानतळाच्या तेलाच्या टाक्यांमागे गेला आणि सगळं शांत झालं. उजवा पाय मातीत रुतवून उभी राहिले होते, तो बधिर झाला. एक सायकलवाला थांबून म्हणाला, गाडी बंद पडली का? मी म्हटलं, माझी मुलगी चालवतेय. त्याने रिकाम्या रस्त्याकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं आणि निघून गेला.

किती वेळ झाला कोण जाणे. फोन पिशवीत होता, काढला नाही. मग आवाज आला, आधी नुसता खालून, जमिनीतून, मग ती दिसली. माझ्यापाशी येऊन थांबली ती अगदी माझ्या चपलेच्या रेषेत. काच खाली केली. केस सुटलेले, चेहरा लालबुंद, आणि इंजिन चालूच.

"आई, अजून एक फेरी मारून येऊ?"

म्हटलं, "पेट्रोल तू भरायचंस."

गेली. तीन फेऱ्या मारल्या तिने. मी उन्हात उभी. परत येताना मी मागच्या सीटवर बसले, तिथे पाय आपटायलाच जागा नाही. इंजिन एकदाही खोकलं नाही. घरी आल्यावर यांना म्हटलं, बघितलंत, शिकवलेलं वाया गेलं नाही, गियर टाकायची ती पद्धत माझीच आहे. हे म्हणाले, "बरं." यावेळचं बरं जरा लांब होतं.

२१ एप्रिल

नवीन किंमत जाहीर झाली. आता तर आकाशाला भिडलीय. शेवटच्या गाड्या शोरूममधून उचलल्या गेल्या, आणि ज्यांना मिळाल्या नाहीत ते आता चालवलेल्या शोधत हिंडताहेत. लेक पेपर वाचून म्हणाली, लोकांना वेड लागलंय, एवढ्या किमतीची ती मुळीच नाही. हे तिने किल्ली उचलताना म्हटलं.

दुपारी भाऊजींचा फोन. आवाजात साखर घोळवलेली. म्हणाले, वहिनी, तुम्ही माझं ऐकलं नाहीत, चालवलीत, तरी नशीब बघा. माझ्याकडे एक माणूस आहे, तुम्ही दिली त्याहून बरीच जास्त देतोय, रोख. त्याला हाताने गियर टाकायचीच हवीय. हो म्हणा, स्कूलही परत उघडाल आणि घराला रंगही होईल. अशी संधी पुन्हा येणार नाही.

मी म्हटलं, त्या माणसाला सांगा, किंमत अजून वाढू दे. दुप्पट होऊ दे, चौपट होऊ दे. आम्ही इथे बसून ऐकू.

त्यांना वाटलं मी भाव वाढवतेय. म्हणाले, बघितल्याशिवाय कसा वाढेल? गाडी घरीच आहे ना? तासाभरात त्याला घेऊन येतो.

"गाडी घरी नाही," मी म्हटलं. "मुलगी घेऊन गेलीय."

"कुठे?"

"मी विचारलं नाही."